नंबर तपासला, पडदा राहिला

ठाण्याच्या नौपाड्यात गोखले रोडला संध्याकाळी पायी निघालं, की दहा मिनिटांच्या टापूत मधुमेहाचा सगळा संसार भेटतो. रक्त-लघवी तपासणारी लॅब, तिच्या डोक्यावर एमडी डॉक्टरांचा दवाखाना, खाली औषधांचं दुकान, दोन पाट्या सोडून चष्म्यांची झगमगती शोरूम आणि राम मारुती रोडकडे वळेपर्यंत डोळ्यांचं एखादं रुग्णालय. मध्ये वडापावची गाडी आणि ‘शुगर-फ्री’ची चिठ्ठी लावलेली मिठाई आहेच. इथं राहणाऱ्याला ‘डोळ्यांचा डॉक्टर लांब पडतो’ असं म्हणायची सोय नाही.

माझे मामा डोंबिवलीहून याच रस्त्यावर चष्मा करायला येत. बँकेतून निवृत्त झालेले, चौदा वर्षांचा मधुमेह, गोळ्या वेळच्या वेळी. एका वर्षात त्यांनी दोनदा नंबर बदलून घेतला. मग एका सकाळी पेपर वाचताना उजव्या डोळ्यासमोर कोळिष्टक आलं. मामांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. कोळिष्टक तिथंच. चष्मा साबणानं धुतला, मग डोळे धुतले. दुपारपर्यंत कोळिष्टकाचा धूर झाला आणि मामीच्या चेहऱ्याच्या जागी नुसती सावली दिसू लागली. डोळ्यांच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, “काका, पडदा शेवटचा कधी तपासला होता?” मामा ठामपणे म्हणाले, “आत्ता दिवाळीत. नंबर काढला ना!”

या एका उत्तरात मधुमेही डोळ्यांची निम्मी कहाणी आहे. नंबर काढणं म्हणजे समोरच्या पाटीवरची अक्षरं कोणत्या काचेतून स्वच्छ दिसतात ते पाहणं. पडदा तपासणं म्हणजे बाहुली मोठी करून डोळ्याच्या आतली मागची भिंत पाहणं. पहिल्या तपासणीत शंभर टक्के गुण मिळवणाऱ्या डोळ्याचा पडदा आतून गळत असू शकतो. मधुमेहामुळे जाणाऱ्या दृष्टीवर आज बरेच चांगले उपचार आहेत, त्यांच्यामागे पाऊणशे वर्षांचं संशोधन आहे. नौपाड्यासारख्या भागात तर ते हाकेच्या अंतरावर आहेत. तरी माणसं उशिरा पोचतात, कारण लॅब, फिजिशियन, चष्मेवाला आणि नेत्रतज्ज्ञ या चार पाट्यांमधून जाणारी वाट आखून द्यायचं काम कोणाकडेच नाही.

जुन्या इमारतीची पाण्याची लाइन

पडदा, पुस्तकी भाषेत दृष्टिपटल, हा डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पसरलेला पातळ थर. प्रकाशाचा संदेश इथं तयार होतो आणि मज्जातंतूतून मेंदूकडे जातो. वजनाच्या मानानं पाहिलं तर शरीरात सगळ्यात जास्त प्राणवायू लागणाऱ्या भागांत त्याची गणती होते. हा पुरवठा केसाहून बारीक रक्तवाहिन्यांतून होतो आणि वाढलेली साखर वर्षानुवर्षं घाव घालते ती नेमकी या बारीक वाहिन्यांवर.

नौपाड्यातल्या चाळीस-पन्नास वर्षं जुन्या सोसायटीत राहिलेल्याला पुढचं सगळं लगेच कळेल. इमारतीची पाण्याची लाइन आतून गंजते. आधी पाइपाला कुठे कुठे फुगवटे येतात. मग सांध्यातून पाणी झिरपतं आणि भिंतीवर ओल धरते. ती वाळली की पांढरट-पिवळे क्षार उरतात. पुढे पाइप तुंबतात, वरच्या मजल्यांना पाणी चढत नाही. वैतागलेले रहिवासी मग जमेल तिथून स्वतःचे पाइप ओढतात, कच्चे आणि कसेही जोडलेले. एक दिवस त्यातला एखादा फुटतो आणि घरभर पाणी होतं.

पडद्यावर हेच घडतं. वाहिन्यांना बाहेरून आधार देणाऱ्या पेशी मरतात, भिंतींना बारीक फुगे येतात. त्यांतून रक्त आणि स्निग्ध द्रव झिरपतो, पिवळे डाग पडतात. पुढे वाहिन्या बंद होतात. उपाशी राहिलेला पडदा ‘व्हीईजीएफ’ नावाचं प्रथिन सोडून नव्या वाहिन्या मागवतो. त्या येतात, पण कच्च्या. त्या फुटल्या की डोळ्यातल्या पारदर्शक जेलीत रक्त उतरतं. मामांना दिसलेलं कोळिष्टक हेच होतं. या वाहिन्यांसोबत वाढणारे चिवट धागे आकसले तर पडदा ओढला जाऊन भिंतीपासून सुटतो. पहिल्या, गळतीच्या टप्प्याला आणि शेवटच्या, नव्या वाहिन्यांच्या टप्प्याला मिळून ‘डायबेटिक रेटिनोपॅथी’ म्हणतात.

पडद्याच्या मध्यावर मोहरीएवढी एक जागा असते. वाचणं, सुईत दोरा ओवणं, चेहरा ओळखणं ही कामं तिच्या भरवशावर चालतात. गळतीचं पाणी तिथं साठलं की तिला सूज येते आणि ही सूज कोणत्याही टप्प्यावर येऊ शकते. मधुमेहात दृष्टी अधू होण्याचं सर्वांत नेहमीचं कारण ही सूज आहे. रक्तस्राव धक्का देतो म्हणून माणूस धावत जातो, सूज मात्र हळूहळू वाचन हिरावते. एक डोळा चांगला असेल तर दुसऱ्यातली सूज महिनोन्महिने लक्षातही येत नाही, कारण आपण कधी एक डोळा झाकून जगत नाही.

आणि यातलं काहीच दुखत नाही. दाढ किडली की रात्र जागवते, मूतखडा लोळवतो. पडद्याला वेदना कळवणारे तंतूच नाहीत. बिघाड कडेला असेल तोवर दिसण्यातही फरक पडत नाही. ‘मला तर स्वच्छ दिसतं’ हे वाक्य त्यामुळे पडद्याबद्दल काही सांगत नाही.

हजारात किती

आयसीएमआर-इंडिॲब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यानुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, म्हणजे प्रौढांमध्ये ११.४ टक्के. शिवाय १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. शेजारच्या गोव्यात हे प्रमाण देशात सर्वाधिक, २६.४ टक्के निघालं.

त्यांतल्या किती जणांच्या पडद्यावर परिणाम झालेला असतो? २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्मार्ट इंडिया’ अभ्यासात चाळिशी ओलांडलेल्या मधुमेहींपैकी १२.५ टक्के जणांत रेटिनोपॅथी आढळली आणि ४ टक्के जणांत ती दृष्टी धोक्यात आणण्याइतकी पुढे गेलेली होती. मुंबईच्या झोपडवस्त्यांत आदित्य ज्योत संस्थेनं घरोघर जाऊन केलेल्या पाहणीत मधुमेहींमधलं प्रमाण सुमारे १५ टक्के होतं. हे आकडे आपल्या रस्त्यावर आणून पाहू. एखाद्या मोठ्या वॉर्डात चाळिशीपुढचे हजार मधुमेही धरले, तर सव्वाशेंच्या आसपास लोकांच्या पडद्यावर खुणा असतील आणि चाळीसेकांची दृष्टी टांगणीला लागलेली असेल. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर होती. त्यानंतर दोन्हीकडे किती टॉवर उठले ते रोज लोकलच्या दारातून दिसतंच.

मधुमेह किती जुना, हा यातला सगळ्यात जड घटक. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात १९८० मध्ये सुरू झालेल्या प्रसिद्ध अभ्यासात वीस वर्षं मधुमेह असलेल्यांपैकी टाइप १ च्या जवळजवळ सगळ्यांच्या आणि टाइप २ च्या साठ टक्क्यांच्या पडद्यावर काही ना काही बदल होते. ती आकडेवारी जुन्या उपचारांच्या काळातली, आज चित्र बरं आहे. पण आपल्याकडे मधुमेह तिशी-चाळिशीतच गाठू लागल्यामुळे साठीला पोचेपर्यंत वीस वर्षांचा हिशेब सहज पुरा होतो. जोडीला रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार, कोलेस्टेरॉल आणि रक्तक्षय असेल तर पडद्याची घसरण वेगानं होते.

सूर्याच्या किरणापासून सुईच्या टोकापर्यंत

जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत पाहण्याचं साधन १८५१ मध्ये हर्मन फॉन हेल्महोल्त्झ या जर्मन शास्त्रज्ञानं दिलं. पुढच्या चारपाच वर्षांतच व्हिएन्नाच्या एडुआर्ड येगरनं मधुमेहीच्या पडद्यावरचे डाग नोंदवले. त्या काळच्या मातब्बर नेत्रवैद्यांनी त्यांवर विश्वास ठेवला नाही. मधुमेहाचा आणि डोळ्याचा संबंध मान्य व्हायला अनेक दशकं गेली.

पुढचं वळण विचित्र आहे. १९२२ मध्ये पहिल्या रुग्णाला इन्सुलिन मिळालं. तोवर टाइप १ मधुमेह झालेलं मूल फार जगतच नसे, त्यामुळे पडदा खराब होण्याइतका काळ त्याला मिळत नसे. इन्सुलिननं आयुष्य दिलं आणि त्या आयुष्यासोबत पूर्वी क्वचित दिसणारं अंधत्व आलं. १९५०-६० च्या दशकांत हतबल डॉक्टर डोळा वाचवण्यासाठी चक्क मेंदूच्या तळाची पियुषिका ग्रंथी काढून टाकत. काहींना गुणही येई, पण त्याची किंमत उरलेलं सगळं शरीर मोजत असे.

सुटका वेगळ्याच दिशेनं आली. जर्मनीत गेर्ड मायर-श्विकरात या नेत्रतज्ज्ञाकडे १९४५ चं सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहून पडदा भाजून घेतलेले रुग्ण आले. त्या व्रणांकडे पाहताना त्याला वाटलं, हाच चटका मोजून-मापून दिला तर? त्यानं आरशांच्या मदतीनं खरोखर सूर्यप्रकाश रुग्णाच्या डोळ्यात सोडला. पुढे झेनॉन दिवा आणि १९६० च्या दशकाच्या शेवटी आर्गॉन लेझर आला. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीनं दाखवून दिलं, की पुढे गेलेल्या रेटिनोपॅथीत पडद्याच्या कडेच्या भागावर शेकडो बारीक चटके दिले तर गंभीर दृष्टिनाश निम्म्याहून अधिक टळतो. तर्क असा, की कडेचा उपाशी भाग शांत केला की प्राणवायूची मागणी घटते आणि नव्या वाहिन्या मागवणारं प्रथिन कमी होतं. त्याच सुमारास रॉबर्ट माखेमर यांनी डोळ्यातली रक्ताळलेली जेली बारीक यंत्रानं काढून टाकायची शस्त्रक्रिया रूढ केली.

साखरेचा प्रश्न १९९३ मध्ये निकालात निघाला. अमेरिका-कॅनडातल्या १,४४१ टाइप १ रुग्णांच्या चाचणीत साखर काटेकोर सांभाळणाऱ्यांमध्ये रेटिनोपॅथी नव्यानं होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी आणि असलेली वाढण्याचा धोका ५४ टक्क्यांनी कमी झाला. १९९८ मध्ये ब्रिटनच्या अभ्यासानं टाइप २ मध्येही तीच दिशा दाखवली. त्यातला लोकांच्या कमी लक्षात राहिलेला भाग रक्तदाबाचा आहे: दाब नीट सांभाळलेल्या गटात रेटिनोपॅथी बळावण्याचं प्रमाण एक तृतीयांशानं घटलं. बीपीची गोळी डोळ्यासाठीही असते, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

शेवटचा टप्पा इंजेक्शनांचा. ‘व्हीईजीएफ’ १९८९ मध्ये ओळखलं गेलं, १९९४ मध्ये ते मधुमेही डोळ्यांत सापडलं. त्याला निष्प्रभ करणारं बेव्हासिझुमॅब आतड्याच्या कर्करोगासाठी २००४ मध्ये बाजारात आलं आणि वर्षभरात नेत्रतज्ज्ञांनी ते डोळ्यात वापरून पाहिलं. मग खास डोळ्यासाठीची रॅनिबिझुमॅब आणि अफ्लिबरसेप्ट आली. आधीच्या काळात लेझरचं यश होतं आहे ती दृष्टी टिकवण्यात. या औषधांनी सूज उतरवली आणि गेलेल्या काही ओळी परत वाचता येऊ लागल्या.

उपचारांचा खरा हिशेब

‘डोळ्यात इंजेक्शन’ हे शब्द ऐकूनच अर्धे लोक मागे फिरतात. प्रत्यक्षात थेंबांनी डोळा बधिर करतात आणि बारीक सुई बुब्बुळाच्या बाजूच्या पांढऱ्या भागातून जाते. काम काही सेकंदांचं असतं. खरी अडचण संख्येची आहे. सुरुवातीला दर महिन्याला आणि पुढे गरजेप्रमाणे अंतर वाढवत ती घ्यावी लागतात. पहिल्या वर्षात सातआठ किंवा अधिक लागणं नवलाचं नाही. तिसऱ्या इंजेक्शननंतर दिसायला लागलं म्हणून थांबणारे पुष्कळ, आणि सूज नेमकी त्यांच्याकडेच परत येते.

किमतीतही जमीन-अस्मानाचा फरक आहे. कर्करोगाच्या औषधाची बाटली निर्जंतुक पद्धतीनं वाटून घेतलेलं बेव्हासिझुमॅब सर्वांत स्वस्त. पण डोळ्यासाठी त्याला अधिकृत मान्यता नाही आणि वाटणीत हयगय झाली तर जंतुसंसर्गाचा धोका असतो. २०१५ मध्ये एका अमेरिकी चाचणीनं तिन्ही औषधं समोरासमोर ठेवली. दृष्टी थोडीच कमी झाली असेल तर तिघांत फारसा फरक निघाला नाही, बरीच कमी झाली असेल तर पहिल्या वर्षात अफ्लिबरसेप्ट सरस ठरलं. म्हणजे वेळेत येणाऱ्याला स्वस्त औषधानंही भागू शकतं. त्याच वर्षी भारतीय कंपनी इंटासनं रॅनिबिझुमॅबची देशी आवृत्ती आणली आणि भाव खाली यायला मदत झाली. विमा असणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: विमा नियामकानं २०१९ मध्ये डोळ्यातल्या इंजेक्शनांचा समावेश अशा आधुनिक उपचारांत केला, जे आरोग्य विम्यातून सरसकट वगळता येत नाहीत. कंपन्या त्यांवर मर्यादा घालू शकतात, म्हणून आपल्या पॉलिसीतली मर्यादा आधी वाचावी.

लेझर जुनं झालं म्हणून अडगळीत गेलं, असंही समजू नये. कच्च्या वाहिन्यांवर इंजेक्शनंही चालतात, पण त्यांचा असर उतरतो. जो रुग्ण नोकरी, गावची शेती किंवा पैशांपायी मध्येच नाहीसा होण्याची शक्यता असते, त्याला दोनतीन बैठकांत संपणारं लेझर अधिक भरवशाचं. त्याच्या बदल्यात कडेची आणि रात्रीची नजर थोडी कमी होते. रक्त आपोआप निवळत नसेल किंवा पडदा ओढला जात असेल तर शस्त्रक्रिया. मामांच्या बाबतीत लेझर, इंजेक्शनं आणि अखेर शस्त्रक्रिया असं सगळंच करावं लागलं. उजव्या डोळ्यानं आज त्यांना जिना दिसतो, पेपर दिसत नाही. डावा वेळेत सापडला, त्याच्यावर ते शब्दकोडं सोडवतात.

पोटातून घ्यायच्या औषधांत एक जुनं नाव नव्यानं चर्चेत आहे. ट्रायग्लिसराइडसाठीचं फेनोफायब्रेट. स्कॉटलंडमध्ये झालेल्या आणि २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ‘लेन्स’ चाचणीत सुरुवातीची रेटिनोपॅथी असलेल्यांमध्ये ती वाढण्याचं प्रमाण या गोळीनं सुमारे २७ टक्क्यांनी कमी झालं. ही गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यायची, पण विचारायला हरकत नाही.

चष्मा, मोतीबिंदू आणि इतर मंडळी

डोळ्यातल्या सगळ्या तक्रारींचं खापर पडद्यावर फोडता येत नाही. साखर वर-खाली झाली की डोळ्यातलं नैसर्गिक भिंग पाणी शोषून फुगतं आणि नंबर सरकतो. नवा मधुमेह निघाल्यावर किंवा इन्सुलिन सुरू झाल्यावर काही आठवडे वाचायला त्रास होतो तो यामुळे. अशा वेळी घाईनं चष्मा केला तर महिन्याभरात तो निरुपयोगी होतो, म्हणून साखर स्थिरावेपर्यंत थांबावं. उलट, नंबर वारंवार बदलत असेल तर चष्मेवाल्यानं एवढंच विचारावं, “शुगर आहे का? पडदा बघितलाय?” मामांना हा प्रश्न दोनदा विचारता आला असता.

मधुमेहींना मोतीबिंदू लवकर होतो. शस्त्रक्रिया उत्तम होते, पण आधी पडदा पाहिलेला असावा. सूज असताना भिंग बदललं तर निकाल मनासारखा येत नाही आणि घरचे शस्त्रक्रियेला दोष देतात. काचबिंदूचा धोकाही वाढतो. पुढे गेलेल्या रेटिनोपॅथीत कच्च्या वाहिन्या बुब्बुळापर्यंत पोचल्या तर डोळ्यातला दाब असा चढतो, की तो आवरणं कठीण होतं. अचानक एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या तर डोळा हलवणाऱ्या मज्जातंतूला मार बसलेला असू शकतो. तो बहुधा तीनेक महिन्यांत सावरतो, पण त्या दिवशीच डॉक्टर गाठावा, कारण मागे मेंदूचं कारणही असू शकतं.

दोन-तीन सावधगिऱ्या. साखर फार काळ चढलेली असताना ती एकदम खाली आणली तर काहींचा पडदा सुरुवातीला थोडा बिघडतो. १९९३ च्या चाचणीतही हे दिसलं होतं आणि २०१६ मध्ये सेमाग्लुटाइड या इंजेक्शनच्या एका चाचणीत औषध घेणाऱ्यांत पडद्याच्या गुंतागुंती ३ टक्के, तर न घेणाऱ्यांत १.८ टक्के निघाल्या. दूरचा फायदा साखर आटोक्यात ठेवण्याचाच आहे. तरी वजन उतरवणारी ही इंजेक्शनं सुरू करण्याआधी पडदा दाखवून घ्यावा. आधीपासून मधुमेह असलेल्या स्त्रीनं गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीतच पडदा तपासावा, कारण त्या काळात तो झपाट्यानं बिघडू शकतो. आणि नौपाड्यातल्या घंटाळीच्या परिसरात योगाची परंपरा जुनी, म्हणून आणखी एक: कच्च्या वाहिन्या असतील तर शीर्षासन आणि जड वजनं उचलणं डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद.

वाट कुठे तुटते

इंग्लंडनं २००३ पासून प्रत्येक मधुमेहीला पडद्याच्या छायाचित्रासाठी घरी पत्र पाठवून बोलवायला सुरुवात केली. २००९-१० च्या नोंदी पाहिल्या तेव्हा किमान पाच दशकांत पहिल्यांदाच, कामकरी वयातल्या अंधत्वाचं पहिलं कारण मधुमेह उरलेला नव्हता. तिथली लेझर किंवा इंजेक्शनं आपल्याहून वेगळी नाहीत, फरक त्या पत्राचा आहे.

आपला राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. त्याचा भर मोतीबिंदूवर राहिला, आणि ते योग्यच होतं. २०१५-१९ च्या राष्ट्रीय पाहणीतही पन्नाशीपुढच्या अंधत्वाचं सुमारे दोन तृतीयांश कारण मोतीबिंदूच होता. पण मोतीबिंदूचा रुग्ण दिसत नाही म्हणून स्वतः येतो आणि शस्त्रक्रियेनंतर त्याला दिसू लागतं. रेटिनोपॅथीचा रुग्ण दिसत असताना बोलवावा लागतो. शिबिराला आलेल्यांची शस्त्रक्रिया करायची, या सवयीवर उभ्या राहिलेल्या व्यवस्थेला हे उलटं काम जमायला वेळ लागतो आहे.

ते जमवण्याची साधनं मात्र आपल्याजवळ आली आहेत. २०१९ मध्ये डॉ. एस. नटराजन आणि सहकाऱ्यांनी मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत एक प्रयोग प्रसिद्ध केला. जुजबी प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यानं स्मार्टफोनला जोडलेल्या कॅमेऱ्यानं दोनशेहून अधिक मधुमेहींच्या पडद्याची छायाचित्रं घेतली आणि फोनमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेनं इंटरनेटशिवाय जागच्या जागी निकाल दिला. तज्ज्ञाकडे पाठवण्याजोगा एकही रुग्ण त्यातून सुटला नाही. निरोगी डोळ्यांपैकी काहींवर मात्र उगाच शंका घेतली गेली. त्याच वर्षी मदुराईच्या अरविंद आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयात गुगलच्या प्रणालीची चाचणीही प्रसिद्ध झाली. यंत्र उपचार करत नाही, ते फक्त ‘तुम्ही जा’ आणि ‘पुढच्या वर्षी या’ असे दोन ढीग करतं. पण लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त द्यायला बसलेल्या माणसाचा पडदा तिथंच टिपता आला, तर चार पाट्यांमधली एक फट बुजते.

तोवर फट आपल्यालाच ओलांडायची आहे. फिजिशियनच्या कागदावर साखर, किडनी, कोलेस्टेरॉल यांच्या खाली ‘पडदा’ ही ओळ आहे का ते पाहावं, नसेल तर मागून घ्यावी. टाइप २ मधुमेह निघाला की लगेच पहिली तपासणी करायची, कारण मधुमेह कधीपासून आहे ते कोणालाच माहीत नसतं. टाइप १ मध्ये पाच वर्षांनी सुरुवात. मग वर्षातून एकदा, आणि डॉक्टरांनी सांगितलं तर अधिक वेळा. खासगी दवाखाना परवडत नसेल तर कळव्याचं महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे आणि लोकलनं गाठता येणारे जे.जे., केईएम, सायन इथले नेत्रविभाग आहेत.

तपासणी काय असते तेही सांगतो, कारण मामांच्या प्रकरणानंतर मी माझीही करून घेतली. माझी साखर नऊ वर्षांची. थेंब घातले की डोळा चुरचुरतो. वीस-तीस मिनिटं डोळे मिटून बसायचं, मध्ये आणखी एकदोनदा थेंब. मोबाइलवरची अक्षरं आधी पांगतात, मग विरघळतात. डॉक्टर कपाळाला दिवा बांधून, हातात भिंग धरून येतात: “वर बघा. वर-उजवीकडे. उजवीकडे. खाली.” उजेड डोळ्यात घुसतो, पण दुखत काहीच नाही. दोन्ही डोळ्यांचं काम पाच मिनिटांत झालं. काळा गॉगल लावून गोखले रोडला आलो, तर प्रत्येक रिक्षाचा दिवा आकाशकंदिलाएवढा. स्कूटर घरीच ठेवली होती, ते बरं केलं. चार-पाच तासांत सगळं जागेवर आलं.

पडद्यावर दोन बारीक फुगे होते. उपचार काही नाहीत, बीपी जरा वर आहे ते खाली आणा आणि वर्षानं या, एवढंच सांगितलं. घरी येऊन स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयासमोर उभा राहिलो. तिथं दुधाचे खाडे असतात, सिलिंडर लावल्याची तारीख असते. पुढच्या वर्षीचं कालनिर्णय अजून आलेलं नव्हतं, म्हणून डिसेंबरच्या पानाच्या मागं लिहिलं, ‘नवं लावलं की जूनमध्ये: पडदा’. मग मामीला फोन केला. ती म्हणाली, “यांच्या डाव्या डोळ्याचं मी गॅसच्या तारखेशेजारीच लिहिते. तेवढं एकच पान हे रोज बघतात.”